झटका ओसरतो, दाह ओसरत नाही

हृदयविकाराचा झटका आलेला मनुष्य रुग्णालयातून सुखरूप घरी आला की आपण संकट टळले असे समजतो. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात, मार्गासनीसारख्या गावी, असा रुग्ण दोन-तीन महिन्यांत पुन्हा भाताच्या खाचरात उतरतो आणि छातीत दुखत नाही म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करतो. दुखणे गेले, औषध संपले, हा त्याचा हिशेब ज्वर-खोकल्याच्या बाबतीत चुकत नाही. येथे मात्र तो जिवावर बेतू शकतो. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच पुरवठ्याचा आणि पैशाचा आहे.

कोलेस्टेरॉल म्हणजे नळात साचणारा गाळ, ही आपली रूढ कल्पना अपुरी आहे. रक्तातील अतिरिक्त कोलेस्टेरॉल रोहिणीच्या अस्तरात शिरते. तेथे शरीराच्या संरक्षक पेशी त्याला परका समजून गिळतात आणि गिळून गिळून स्वतःच फुगतात. पुढे त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात. हे स्फटिक संरक्षक पेशींमधील एक धोक्याची यंत्रणा चेतवतात आणि त्या पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे दाहकारक द्रव्य सोडू लागतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे घरचा पहारेकरीच घराला आग लावतो! २०१२ साली उंदरांवरील प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखविली. झटक्यानंतर अस्थिमज्जा आणि प्लीहा यांतून अशा पेशींची नवी कुमक रक्तात येते आणि रोहिणीतील जुने थर अधिक वेगाने वाढतात. झटका येऊन गेला तरी शरीरातील धुमस थांबत नाही, ती त्यामुळे वाढूही शकते.

'हाडकुळ्या कुणब्याला कसला आलाय हृदयविकार' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला चांगलाच धक्का दिला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचे आणि इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. चरबी मात्र इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! पोटात दडलेली ही चरबीही दाहाला इंधन पुरविते. सडपातळ बांधा पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

मग दाहच शमवावा, हे ओघाने आले. २०१७ साली १०,०६१ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाने कोलेस्टेरॉल न घटविता पुढील झटक्यांसारख्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी केल्या. सिद्धान्त खरा ठरला. पण प्राणघातक जंतुसंसर्ग काहीसे वाढले, आणि काही दुर्मिळ आजारांवर वापरल्या जाणाऱ्या या औषधाचा अमेरिकेतील वार्षिक खर्च दोन लाख डॉलरच्या घरात होता. मार्गासनीच्या शेतकऱ्याला हा आकडा वाचून दाखविणे हीदेखील क्रूर थट्टाच.

दुसरीकडे, पावसाळ्यात सह्याद्रीच्या झुडपांवर ज्वालेसारखी फुलणारी कळलावी आपल्या ओळखीची आहे. तिच्यात कोल्चिसिन असते. (ती विषारी आहे, कोणी घरी प्रयोग करू नयेत.) या जुन्या, स्वस्त औषधाची चाचणी कोणती कंपनी करणार? पेटंट नाही तेथे नफा नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ४,७४५ रुग्णांच्या चाचणीला कॅनडातील क्वेबेकच्या सरकारने पैसा पुरविला. झटका, पक्षाघात, मृत्यू आदी घटना मिळून २३ टक्के घट आढळली. मात्र २०२४ साली ७,०६२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटविण्याचे काम सार्वजनिक पैशानेच होईल.

परंतु जिच्याविषयी असा वाद नाही ती स्टॅटिनची गोळी तरी पोहोचते का? १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृद्रोग्यांच्या चाचणीत तिने पाच वर्षांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटविले. ती कोलेस्टेरॉल उतरविते आणि त्याबरोबर दाहही. पेटंट संपलेले, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत समाविष्ट. असे असूनही २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १७ देशांच्या पाहणीत, भारताचा समावेश असलेल्या गरीब देशांच्या गटात हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी अवघे ३.३ टक्के लोक ती घेत होते. श्रीमंत देशांत ६६.५ टक्के.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने गरिबाला रुग्णालयाचे दार उघडले, हे मान्यच केले पाहिजे. पण ती मुख्यतः रुग्णालयातील उपचारांभोवती बेतलेली आहे. काही उपचारांनंतरच्या पाठपुराव्याचीही तीत तरतूद आहे. गोळी मात्र जन्मभराची. गोळीची किंमत थोडी. ती आणण्यासाठी बुडणारी मजुरी आणि एस. टी.चे भाडे कितीतरी अधिक. हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो रुग्ण भरतो, किंवा न भरता गोळी सोडून देतो. झटका येऊन गेलेल्या प्रत्येकाचे नाव त्याच्या उपकेंद्राच्या वहीत असावे, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, आणि न्यायला न येणाऱ्याच्या घरी आशाताईंनी जावे. त्या फेरीचा मोबदला मात्र त्यांना वेगळा आणि वेळेवर मिळाला पाहिजे.