आकडा पाठीवर, नाव मनावर



जून महिन्यात शाळा सुरू होते. एखादा नवा मुलगा किंवा नवी मुलगी दप्तर घेऊन वर्गात येते. पहिल्या आठवड्यातच त्यांना दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे हजेरीपटावरचा क्रमांक. तो मी देते. दुसरी गोष्ट म्हणजे टोपणनाव. ते तुम्ही देता. हजेरीचा क्रमांक वर्ष संपले की बदलतो. टोपणनाव मात्र शाळा सुटली तरी पुष्कळदा सुटत नाही. म्हणून आज मी तुमच्याशी या दोन गोष्टींविषयी बोलणार आहे. त्यासाठी आपण थोडा वेळ खेळाच्या मैदानावर जाऊ.

बास्केटबॉल हा खेळ तुम्हांला ठाऊक आहे. आपल्या मुंबईतील नागपाड्यात तो मोठ्या आवडीने खेळला जातो. अमेरिकेत तर त्याचे वेड फारच आहे. तेथे व्यावसायिक संघांची 'एनबीए' नावाची मोठी स्पर्धा चालते. दरवर्षी हे संघ क्रमाने नव्या खेळाडूंची निवड करतात. अशा नवख्या खेळाडूने त्या संघाकडून अजून एकही सामना खेळलेला नसतो. तरीही चाहत्यांमध्ये चर्चा सुरू होते. 'तो पाठीवर कोणता आकडा घालणार?' 'आपण त्याला काय म्हणून हाक मारायची?'

२२ जून २०२३ रोजी सॅन अँटोनियो शहराच्या स्पर्स संघाने सर्वांत पहिली निवड केली. तो खेळाडू म्हणजे फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा. वय अवघे १९ वर्षे. उंची सव्वासात फुटांहून अधिक! फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून तो ३२ क्रमांक घालून खेळतो. पण स्पर्स संघात ३२ हा आकडा शॉन एलियट या जुन्या खेळाडूचा होता. त्याच्या सन्मानार्थ संघाने तो कायमचा बाजूला ठेवला आहे. आता तो कोणालाही मिळत नाही. वेम्बान्यामाने १ हा आकडा घेतला. फ्रान्समधील आपल्या शेवटच्या संघात तो हाच आकडा घालत असे.

तुम्ही म्हणाल, 'टीचर, आकड्यात एवढे काय आहे?' खरे तर सुरुवातीला काहीच नसते. आकडा हा केवळ सोयीसाठी असतो. खेळाडूची चूक झाली की पंच बोटांनी त्याचा आकडा गुणलेखकाला दाखवतो. एका हाताला बोटे पाचच. म्हणून अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्यांत २०२३ पर्यंत ६, ७, ८, ९ हे अंक चालतच नसत. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही अनेक वर्षे ४ ते १५ एवढेच आकडे असत. पुढे २०१४ मध्ये तो नियम सैल झाला. म्हणजे आकडा ही पंचाची गरज. त्यात मोठेपणा नाही, हलकेपणाही नाही.

मग त्याला मोल कोठून येते? खेळाडूच्या कष्टातून येते. मायकेल जॉर्डनचा २३ हा आकडा जगभर प्रसिद्ध आहे. तो त्याने का निवडला? त्याचा मोठा भाऊ लॅरी ४५ घालत असे. ४५ चे निम्मे साडेबावीस. म्हणून धाकट्याने २३ घेतला. मोठ्या भावाच्या निम्म्याने तरी आपल्याला खेळता यावे, एवढीच त्याची इच्छा होती. जॉर्डन त्या आकड्यात वर्षानुवर्षे घाम गाळत राहिला, तेव्हा २३ ला किंमत आली.

आकड्यावर प्रेम करावे. पण त्यासाठी माणसाला दुखवावे का? आपल्या क्रिकेटमधले उदाहरण पाहा. सचिन तेंडुलकर १० क्रमांक घालत असे. ऑगस्ट २०१७ मध्ये पालघरचा शार्दूल ठाकूर भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. कोलंबोच्या त्या सामन्यात त्याच्या पाठीवर १० होता. झाले! चाहते त्याच्यावर तुटून पडले. ज्या मुलाच्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस, त्याच दिवशी त्याला बोलणी खावी लागली. पुढे त्याने आकडा बदलून ५४ केला. सचिनवरचे लोकांचे प्रेम मी समजू शकते. परंतु ज्याने कोणताही नियम मोडला नव्हता, त्या नवख्याला टोमणे मारून सचिनचा मान वाढला असे मला वाटत नाही.

आता टोपणनावाकडे वळू. आकडा निदान बदलता तरी येतो. नाव बदलणे फार कठीण. ते लोकांच्या तोंडी बसलेले असते.

वेम्बान्यामाचे आडनाव लांबलचक. चाहत्यांनी त्याचे 'वेम्बी' करून टाकले. आणखी एक नाव त्याला मिळाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे निवडीच्याही आधी, प्रख्यात खेळाडू लेब्रॉन जेम्स त्याच्याविषयी बोलला. इतका उंच मुलगा इतक्या सहजपणे खेळताना कोणी पाहिला नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्या भरात त्याने वेम्बान्यामाला 'एलियन' म्हटले. एलियन म्हणजे परग्रहावरून आलेला जीव. हे नाव वाऱ्यासारखे पसरले.

एखाद्याला 'तू माणूस नाहीस, परग्रहावरचा आहेस' असे म्हणणे ही स्तुती की चेष्टा? ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे. कोण म्हणतो? कशासाठी म्हणतो? आणि ज्याला म्हटले, त्याला ते कसे वाटते? येथे म्हणणारा स्वतः थोर खेळाडू होता. त्याने उंचीला हसून नव्हे, तर खेळाला दाद देऊन ते नाव उच्चारले. आणि वेम्बान्यामाने ते आनंदाने स्वीकारले. आपण इतरांहून निराळे व्हावे यासाठीच आपण मेहनत केली, असे त्याने सांगितले. म्हणून ते नाव त्याला शोभले. या तिन्हींपैकी तिसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानते.

आपल्या भाषांनाही हा फरक चांगला कळतो. उर्दूत तुम्ही 'तखल्लुस' आणि 'लकब' हे दोन शब्द शिकला आहात. तखल्लुस शायर स्वतः निवडतो. मिर्झा असदुल्लाह खान 'गालिब' झाले, ते स्वतःच्या पसंतीने. मराठीतही विष्णू वामन शिरवाडकर 'कुसुमाग्रज' या नावाने कविता लिहीत. लकब मात्र लोक देतात. ती गुणांची पावती असते. पण जे नाव माणसाने निवडलेले नाही आणि ज्यात त्याच्या गुणांची पावतीही नाही, त्याला काय म्हणावे? त्याला चिडवणे म्हणावे. एकमेकांना वाईट नावाने पुकारू नये, ही शिकवण तुम्ही घरीही ऐकली आहे आणि मदरशातही.

बास्केटबॉलच्या इतिहासातच नावाची एक मोठी गोष्ट आहे. १९६९ मध्ये मिलवॉकी शहराच्या संघात एक अतिशय उंच नवखा आला. त्याचे नाव ल्यू अल्सिंडर आणि आकडा ३३. विद्यार्थी असतानाच त्याने इस्लाम स्वीकारला होता. १९७१ मध्ये त्याच्या संघाने अजिंक्यपद जिंकले. त्यानंतर लगेच त्याने जाहीर केले, की आता माझे नाव करीम अब्दुल-जब्बार. विचार करा, सारा देश त्याला जुन्या नावाने ओळखत होता. नव्या नावाची सवय व्हायला लोकांना वेळ लागला. पण तो आपल्या निश्चयावरून ढळला नाही. पाठीवरचा ३३ तोच राहिला, खेळ तोच राहिला. हाक मात्र लोकांना बदलावी लागली. १९८९ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ३८,३८७ गुण होते. हा विक्रम फेब्रुवारी २०२३ पर्यंत टिकला. तो मोडणारा खेळाडू म्हणजे वर सांगितलेला लेब्रॉन जेम्स. आज जग त्याला करीम याच नावाने ओळखते. माणसाला काय म्हणून हाक मारायची, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या माणसाचा आहे, हे या गोष्टीतून आपण शिकले पाहिजे.

तुम्हांपैकी काही जण म्हणतील, 'टीचर, आम्ही प्रेमाने म्हणतो. मित्रांत थट्टा चालायचीच.' मीही एकदा असेच म्हणत होते. माझी स्वतःची चूक तुम्हांला सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीचा एक मुलगा होता. वर्गात सर्वांत उंच. एके दिवशी भिंतीवरचा नकाशा काढायचा होता. मी सहज म्हणाले, "लंबूमियाँ, जरा तेवढा नकाशा काढून द्या." वर्ग खळखळून हसला. तो मुलगाही हसला. मला वाटले, त्याला आवडले. दुसऱ्या दिवसापासून सारी शाळा त्याला लंबूमियाँ म्हणू लागली. पाचवीची लहान मुलेसुद्धा! दोन महिन्यांनी त्याची आई मला भेटायला आली. ती म्हणाली, "टीचर, आमचा मुलगा हल्ली वाकून चालतो. दार उंच असले तरी मान खाली घालून बाहेर पडतो. मैदानावर जायचेही त्याने सोडले आहे. त्याला कोणी काही बोलले आहे का?"

त्या माउलीला ते नाव कोणी दिले, हे माहीत नव्हते. मला माहीत होते. मी तिला सारे खरे सांगितले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्या मुलाची माफी मागितली आणि त्याला विचारले, "बेटा, तुला काय म्हणून हाक मारलेली आवडेल?" तो हळूच म्हणाला, "माझ्या नावाने, टीचर." बस्स, एवढेच! ज्याची उंची पाहून दुसऱ्या एखाद्या देशात लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, त्याला मी वाकायला शिकवले. तो माझ्यासमोर हसला होता, हे खरे. पण हसणे म्हणजे संमती नव्हे, हे मला उशिरा समजले.

आता पुन्हा वेम्बान्यामाकडे येऊ. एवढे मोठे नाव आणि १ हा आकडा मिळाल्यावर त्याचे काय झाले? जुलै २०२३ मध्ये लास व्हेगास येथे तो स्पर्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. त्याने १३ वेळा चेंडू टाकला. जाळीत गेला फक्त २ वेळा. पुढच्याच सामन्यात मात्र त्याने २७ गुण मिळवले. पहिल्या हंगामात ९९ पैकी ९९ मते मिळवून तो सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. तरीही त्याच्या संघाने ८२ पैकी ६० सामने गमावले. नाव कितीही भारी असले, तरी एकट्या नावाने सामना जिंकता येत नाही.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी आढळली. उरलेला हंगाम त्याला खेळता आले नाही. लोक ज्याला परग्रहावरचा म्हणत होते, तो तुमच्या-आमच्यासारखा हाडामांसाचा माणूस होता. औषध, विश्रांती आणि धीर या गोष्टी त्यालाही लागल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो परतला आणि पहिल्याच सामन्यात त्याने ४० गुण केले. त्या दिवशी समोरच्या डॅलस संघात कूपर फ्लॅग नावाचा १८ वर्षांचा नवखा पहिला सामना खेळत होता. त्याच्या पाठीवर ३२ होता. चाहत्यांना चर्चेसाठी आणखी एक आकडा मिळाला!

अशी चर्चा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. त्यात आनंद आहे, आपुलकी आहे. नव्या माणसाला आपल्यात घेण्याची ती एक रीत आहे. फक्त नाव देण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहावे, त्याला विचारावे. नको म्हणाला तर तेथेच थांबावे. आणि नाव द्यायचेच असेल, तर त्याने जे मेहनतीने कमावले त्याचे द्यावे. उंची, रंग, तोतरेपणा, बापाचा धंदा या गोष्टी कोणी कमावलेल्या नसतात. त्यांवरून नाव ठेवणे म्हणजे माणसाला त्याच्या हाती नसलेल्या गोष्टीची शिक्षा देणे होय.

पुढच्या जूनमध्ये तुमच्या वर्गात कोणी नवा येईल. मी त्याला हजेरीचा क्रमांक देईन. तुम्ही त्याच्याजवळ जा, सलाम करा आणि विचारा, "तुझे नाव काय? आम्ही तुला काय म्हणू?" तो जे सांगेल, त्याच नावाने त्याला मैदानावर बोलवा.