बोट घेतली, तिचा इंपेलर कोण बदलणार?

सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 फुटांवर गेलं की धोका. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. त्याच पुरात 8 ऑगस्टला ब्रह्मनाळ गावची बोट उलटली. त्या दुर्घटनेची कारणं वेगळी होती, पण त्यानंतर कृष्णा-वारणाकाठच्या अनेक गावांना यांत्रिक बोटी मिळाल्या आणि ते योग्यच झालं. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. त्या बोटीच्या इंजिनात तळहातात मावेल एवढा एक रबरी इंपेलर असतो. तो शेवटचा कधी बदलला? गावोगाव मी हे विचारतो तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, ‘‘इंजिन नवंच आहे की. चाललंय कुठं फारसं?’’

चाललेलं नाही, म्हणूनच मला काळजी वाटते.

माझं वर्कशॉप सांगलीवाडीत आहे. शेतीपंप आणि डिझेल इंजिनं ही रोजची कामं. बोटीची इंजिनं मी मालवणात शिकलो. तिथले मच्छीमार इंजिन सुरू झालं की आधी मागं वळून बघतात. इंजिनाच्या अंगातून पाण्याची बारीक धार पडते, ती जोरात पडतेय ना, हे बघायला. धार नसेल तर लगेच इंजिन बंद. कारण बोटीच्या मागं लटकणाऱ्या या इंजिनाला रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात बोट चालते तेच पाणी ओढून इंजिन थंड ठेवायचं, आणि हे काम त्या इंपेलरचं.

आपल्या शेतकऱ्याला इंपेलर माहीत आहे, पण तो पितळी किंवा बिडाचा. हा रबराचा असतो. खालच्या गिअरच्या भागावर एका डबीत बसतो आणि मधल्या उभ्या शाफ्टबरोबर फिरतो. डबी मुद्दाम किंचित एका बाजूला सरकवलेली असते, त्यामुळे फिरताना पाती एका अंगाला दुमडतात आणि दुसऱ्या अंगाला उघडतात. या उघडझापीतून पाणी ओढलं जातं. आता हे इंजिन ग्रामपंचायतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दहा-अकरा महिने उभं राहतं, असं धरा. दुमडलेली पाती तशीच दुमडून राहतात. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली रबर कडक होतं, मुळाशी बारीक चिरा पडतात. त्यात जूनमध्ये कुणीतरी ‘चालू होतंय का बघू’ म्हणून कोरड्या जमिनीवरच दोरी ओढतो. पाणी नसलं की इंपेलरचं वंगणही गेलं. काही सेकंदांत पात्यांच्या कडा जळतात. इंजिन मात्र छान सुरू झालेलं असतं, आणि सगळे समाधानानं घरी जातात.

पावसाळ्याआधीच्या रंगीत तालमीतही हे कळत नाही. बोट घाटावर दोन फेऱ्या मारते, पाहुणे लाइफ जॅकेट घालून बसतात, फोटो निघतात. एवढ्या वेळात इंजिन नीट तापतही नाही. खरा पूर वेगळा असतो. पुरात बोट सुसाट जात नाही, ती रेंगाळते. घराच्या जिन्याला लावून म्हाताऱ्या माणसांना उतरवून घेताना इंजिन मंद गतीवर फिरत राहतं, आणि मंद गतीवर पंपही हळू फिरतो. झिजलेला इंपेलर नेमका तिथंच उघडा पडतो. वर पाणी गाळानं भरलेलं. त्यातली बारीक वाळू पात्यांना आणि डबीच्या आतल्या पत्र्याला घासत राहते. उसाचं पाचट, जलपर्णी, प्लास्टिकच्या पिशव्या पाणी आत घेणाऱ्या जाळीला चिकटतात. मग धार बारीक होते, आणि गडबडीत तिकडं कुणाचं लक्ष नसतं. काही इंजिनं शिट्टी वाजवून आपोआप मंदावतात, जुनी टू-स्ट्रोक असतील तर थेट पिस्टन जाम. माणसांनी भरलेली बोट, खाली बुडालेल्या विजेच्या तारा, आणि प्रवाह नेईल तिकडं जाणं. एनडीआरएफचे जवान पुण्याजवळच्या सुदुंबरेहून येईपर्यंतचे पहिले तास गावच्या याच बोटीवर काढायचे असतात.

काम अवघड नाही. हात बसलेला माणूस ते दीड-दोन तासांत करतो. आधी सेफ्टी क्लिप काढायची आणि प्लगच्या वायरी सोडायच्या, म्हणजे शाफ्ट फिरवताना इंजिन चुकून सुरू होणार नाही. गिअरची दांडी सुटी करून खालचा भाग बोल्ट खोलून सरळ खाली ओढायचा. एखादा बोल्ट जस्ताच्या तुकड्याखाली दडलेला असतो, तो न बघता भाग उचकटायला जाणारे कास्टिंगच फोडतात. पंपाची डबी उघडली की जुना इंपेलर हातात येतो. त्याची पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत काम संपलेलं नाही, कारण तो वरच्या पाण्याच्या वाटेत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकून बसलेला असतो, आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन तापतंच. नवा इंपेलर साबणाच्या पाण्यानं ओला करायचा, शाफ्टवरची छोटी चावी जागेवर ठेवायची आणि डबी दाबताना शाफ्ट तिच्या नेहमीच्या दिशेनंच, बहुतेक इंजिनांत वरून बघता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवायची. पाती सगळी एकाच बाजूला कललेली हवीत. जुनं गॅस्केट पुन्हा वापरायचं नाही. भाग वर चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरात शिरली की नाही, हे बघायचं. मग पाण्यानं भरलेल्या पिंपात इंजिन चालवायचं आणि धार बघायची.

मी हे सांगितलं की एक उत्तर हमखास मिळतं: इंजिन चालून शंभर तास कुठं भरलेत? बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकांत तासांबरोबर महिनेही दिलेले असतात, आणि दोन्हींपैकी जे आधी भरेल ते धरायचं असतं. पुराच्या बोटीचे तास कधीच भरणार नाहीत. तिच्यासाठी महिनेच मोजले पाहिजेत. म्हणून तास कितीही झालेले असोत, दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक बचाव बोटीचा इंपेलर बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनाच्या किमतीपुढं इंपेलरच्या किटचा खर्च नगण्य आहे.

पण आज तो खर्च टाकायला जागाच नाही. बोटखरेदीला निधी मिळतो, उद्घाटन होतं, देखभालीचं मात्र लेखाशीर्ष सापडत नाही. एका गावात सरपंचांनी स्वतःच्या खिशातून किट आणलं, ते दुसऱ्याच मॉडेलचं निघालं. बाजारात प्रत्येक मॉडेलचं किट शोधत हिंडण्यापेक्षा तालुक्यातल्या सगळ्या बोटींना एकच मॉडेल घेतलं तर एका गावचं किट दुसऱ्या गावाला चालेल, आणि आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या पोरांना एकाच इंजिनावर तयार करता येईल. पुढच्या खरेदीच्या निविदेत पाच वर्षांची पंप किट, ती बसवण्याचं प्रशिक्षण आणि कोरडं इंजिन सुरू न करण्याची सूचना मराठीत इंजिनावर चिकटवलेली, या अटी घालाव्यात. ज्या बोटी आधीच शेडमध्ये उभ्या आहेत, त्यांच्या झाकणावर इंपेलर बदलल्याची तारीख पांढऱ्या रंगानं लिहावी आणि रंगीत तालमीला येणाऱ्या अधिकाऱ्यानं ती सगळ्यात आधी वाचावी.