निवासी संस्थांचे मूल्यमापन : सही करण्यापूर्वी

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी पहिल्या दोन पादांविषयी आपल्या संमेलनांत आणि नियतकालिकांत पुष्कळ चर्चा होते. उपस्थाता मात्र उपेक्षितच राहतो. वस्तुतः ज्या व्यक्तीला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, कूस बदलता येत नाही, कोठे दुखते हे सांगता येत नाही, तिच्या बाबतीत उपस्थाता हाच प्रमुख पाद होय. दिव्यांगांच्या निवासी शाळा, बालगृहे आणि प्रौढांची आश्रयगृहे यांचा विचार करताना हे विशेषत्वाने जाणवते.

हा विषय आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे काहींना वाटेल. तालुक्याच्या ठिकाणी अशा संस्थांना भेट देणारा वैद्यकीय अधिकारी अनेकदा आपल्यापैकीच एखादा बी.ए.एम.एस. पदवीधर असतो. औषधे गावातल्याच दुकानातून जातात. वार्षिक तपासणीच्या कागदावर ‘सर्व प्रवेशितांची प्रकृती समाधानकारक’ या वाक्याखाली सही आपली असते. त्या सहीमागे नेमके काय पाहिलेले असावे, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्यातील कलम 50 अन्वये नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालविता येत नाही. नोंदणी आवश्यकच आहे. परंतु प्रत्यक्ष तपासणीचा भर खोल्यांची संख्या, हजेरीपत्रक, साठा नोंदवही, अग्निशामक नळकांडे आणि भिंतीवरचा आहारतक्ता यांवर राहतो. ही सारी साधने झाली. त्या साधनांचे फळ निवासी व्यक्तीच्या देहावर आणि तिच्या दिवसात दिसते, आणि ते वाचण्याचे शिक्षण तपासणी अधिकाऱ्यापेक्षा वैद्यास अधिक मिळालेले असते.

कागद आणि देह यांत अंतर पडले म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 2010 मध्ये ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या निवासी संस्थेत कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यातील अशा बालगृहांचा प्रश्न ऐरणीवर आला. कुपोषण एका रात्रीत होत नाही. दरमहा वजनाचा काटा वापरला असता, तर ते काही महिने आधीच दिसते. त्याआधी, 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका निवासस्थानास आग लागली. रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. 28 जणांचा मृत्यू झाला. त्या ठिकाणी विचारण्याचा पहिला प्रश्न ‘रात्री येथे कोणाला बांधता काय?’ हाच होता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात रुग्णगृहाचे जे वर्णन आहे, ते या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. वास्तू दृढ असावी, वारा थेट अंगावर न येता एका बाजूने खेळता असावा, हिंडण्याफिरण्यास जागा असावी, धूर, ऊन व धूळ यांचा उपद्रव नसावा, शौचस्थान, स्नानगृह आणि स्वयंपाकघर असावे, हे सर्व तेथे आहे. पुढे परिचारकांची यादी येते : अन्न शिजविणारे, स्नान घालणारे, अंग चोळणारे, उठविणारे, बसविणारे. त्याच यादीत गाणारे-वाजविणारे आणि गोष्टी सांगणारेही आहेत. हे वर्णन शोधनकर्मासाठी येणाऱ्या सधन रुग्णासाठी आहे, हे मान्य. तथापि रुग्णाच्या मनोरंजनाची तरतूदही आचार्यांनी शौचस्थानाच्या जोडीने सांगितली, ही गोष्ट मूल्यमापन करणाऱ्याने विसरू नये. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलेली, स्वच्छ कपडे घातलेली मुले म्हणजे उत्तम संस्था नव्हे.

माझ्या मते वैद्याने सही करण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः पाहाव्यात.

पहिली, वजन. प्रत्येक निवाशाचे वजन दरमहा नोंदलेले असावे आणि त्यातील पाच-सात जणांचे वजन आपण स्वतः करून नोंदीशी ताडावे. दुसरी, त्वचा. जे अंथरुणास खिळलेले आहेत त्यांचे त्रिकस्थान, नितंब व टाचा कपडा बाजूला करून पाहाव्यात. शय्याव्रण नोंदवहीत लपतो, पाठीवर लपत नाही. मनगटावर व घोट्यावर बांधल्याचे वळ आहेत का, तेही त्याच वेळी दिसते. तिसरी, जेवणाची वेळ. मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलास भरविण्यास अर्धा तास सहज लागतो. दहा मुले आणि एक परिचारिका असेल, तर पाच तास हवेत. जेवण तासाभरात उरकत असेल, तर मुले उपाशी उठतात किंवा आडवे निजवून त्यांच्या तोंडात अन्न कोंबले जाते. असे अन्न श्वासमार्गात जाऊन फुप्फुसाचा दाह होतो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. चौथी, रात्र. सूर्यास्तानंतर एकदा न कळविता जावे. दारे बाहेरून बंद आहेत का, किती माणसे जागी आहेत, हे पाहावे.

औषधविक्रेत्या बंधूंकडे तर एक असे साधन आहे जे कोणत्याही तपासणी पथकाकडे नाही, ते म्हणजे संस्थेची बिले. समजा, सहा निवाशांना आकडीवरची गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. दिवसाला 12 आणि तीस दिवसांच्या महिन्याला 360 गोळ्या झाल्या. बिल जर 200 गोळ्यांचेच असेल आणि पुरवठा अन्यत्रून होत नसेल, तर 160 मात्रा कोणाच्या पोटात गेल्या नाहीत, हे विचारावयास हवे. आकडीचे औषध अचानक तुटल्यास झटके वाढतात आणि ते प्राणावरही बेतू शकते. याच संदर्भात आपल्या व्यवसायबंधूंना एक विनंती : ब्राह्मी घृतासारखे कल्प द्यावयाचे असल्यास अवश्य द्यावेत, पण त्यासाठी चालू असलेले आकडीचे औषध संबंधित तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून बंद करू नये. याउलट, झोपेच्या गोळ्यांची खरेदी एकाएकी वाढली, तर माणसे कमी पडत असल्याने निवाशांना गुंगीत ठेवले जात नाही ना, हा संशय रास्त ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये मानसिक आरोग्य व सामाजिक सेवा देणाऱ्या संस्थांच्या मूल्यमापनासाठी ‘क्वालिटीराइट्स’ नावाचा साधनसंच प्रसिद्ध केला. त्यात निरीक्षण व कागदपत्रे यांच्या जोडीने निवासी, त्यांचे कुटुंबीय आणि कर्मचारी यांच्या मुलाखती घेण्यास सांगितले आहे. आपल्याकडील तपासणीत निवाशाला कोणी काही विचारीत नाही. तो बोलू शकत नाही, हे कारण पुरेसे नाही. परिचारक जवळ येताच मूल हात पुढे करते की अंग चोरते, हेही उत्तरच आहे. चरकाने उपस्थात्याचे चार गुण सांगितले : परिचर्येचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. यांतील अनुराग कोणत्याही रकान्यात बसत नाही, पण तो असा दिसतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. अनेक संस्था पालकांनी स्वतः पदरमोड करून उभ्या केल्या आहेत, अनुदान वेळेवर मिळत नाही, अल्प वेतनावर परिचारक टिकत नाहीत. वैद्यांनीही कठोर व्हावे, तर संस्था बंद पडतील आणि मुले जातील कोठे? हे म्हणणे खोटे नाही. परंतु दोष झाकल्याने संस्था वाचत नाही. ‘दहा मुलांमागे एकच परिचारिका आहे, किमान तीन हव्यात’ असे वैद्याने सहीनिशी लिहून दिले, तर तेच पत्र अनुदान मागताना चालकांच्या उपयोगी पडेल. ‘प्रकृती समाधानकारक’ या शेऱ्याने त्यांची मागणीच खोटी ठरते. शिवाय अधिनियमाच्या कलम 5 ने दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. घरी थोडी मदत मिळाल्यास यांपैकी कोण परत जाऊ शकेल, हा प्रश्नही तपासणीत विचारला गेला पाहिजे.

सबब संघटनेस माझी सूचना अशी आहे. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या क्षेत्रातील निवासी संस्थांची यादी करावी. वजन, त्वचा, भोजन, रात्र आणि औषधांचा हिशेब या पाच बाबींचा एकपानी तक्ता सर्व सभासदांना द्यावा. तो भरल्याविना कोणाही सभासदाने आरोग्य प्रमाणपत्रावर सही करू नये, असा ठराव आगामी वार्षिक सभेत व्हावा. औषधविक्रेत्या सभासदांनी दर तिमाहीस खरेदीचा गोषवारा संस्थेच्या वैद्यास द्यावा. यास खर्च नाही. संस्थेमागे वर्षातून तीन-चार दिवस आणि एक वजनकाटा पुरेसा आहे.