पट्टे सांगतात पत्ता!

मार्च २०२१ मध्ये मराठवाडा-खानदेशाच्या सीमेवरच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. तिथं तर कित्येक वर्षांत वाघ नव्हता. मग हा पाहुणा कुठला? वाघ काय नाव-गाव सांगणार थोडाच!

पण पत्ता त्याच्या अंगावरच असतो. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. गंमत म्हणजे डावी नि उजवी कूससुद्धा सारखी नसते! म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. आता वाघ काही फोटोसाठी नीट उभा राहत नाही. तेव्हा संगणक फोटोवर वाघाच्या शरीराचा घनाकार बसवतो, तिरके पट्टे सरळ करून घेतो आणि जुन्या फोटोंशी ताडून सर्वांत जवळचे निवडून देतो. शेवटचा निवाडा मात्र माणसाच्या डोळ्यांचाच.

गौताळ्याचे पट्टे जुळले ते थेट यवतमाळच्या टिपेश्वरच्या वाघाशी! शेतं, रस्ते, गावं ओलांडत गडी ३०० किलोमीटरहून जास्त चालला होता. टिपेश्वर पडलं जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. वयात आलेल्या वाघांना जागा पुरणार कशी? २०१९ मध्येही तिथला एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगेला पोचला होता. त्याच्या गळ्यात उपग्रहाला ठिकाण कळवणारी कॉलर होती, म्हणून त्याची सारी वाट नकाशावर उमटली.

घरी पट्टेवाली मांजर आहे? तिच्या दोन्ही कुशींची चित्रं काढून बघा बरं, जुळतात का!