नाल्यांचा हिशेब आणि जमिनीचा नकाशा

मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, हे दर पावसाळ्यात सांगितले जाते. या आकड्यामागचे दुसरे गृहीतक मात्र क्वचितच चर्चेत येते. पडणाऱ्या पावसातील निम्मे पाणी जमिनीत मुरेल आणि निम्मेच गटारात येईल, असे ती व्यवस्था आखणाऱ्यांनी धरले होते. म्हणजे गटारांच्या वाट्याला ताशी साडेबारा मिलिमीटरच पाणी येणार होते. उरलेला भार मैदाने, वाड्यांची अंगणे, पाणथळी आणि खाजणे यांनी उचलायचा होता. पुढे या जागांवर इमारती आल्या, अंगणांना फरशा लागल्या आणि गटारे मात्र होती तेवढीच राहिली.

याचा अर्थ असा, की जमिनीच्या वापरातील प्रत्येक बदल हा पूरनियंत्रणाचाही निर्णय असतो. मुंबईत या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळ्या दालनांत होत आला. १९८५ च्या पुरानंतर हाती घेतलेल्या अभ्यासातून 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल सिद्ध झाला तो १९९३ मध्ये. ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरावा आणि तो सर्वच्या सर्व गटारात येईल असे समजावे, ही त्याची शिफारस. भार एकदम चौपट झाला. शहराची विकास नियंत्रण नियमावली मात्र त्याआधीच, १९९१ मध्ये लागू झालेली होती. कोठे किती बांधायचे हे आधी ठरले आणि पाणी कोठून जाणार याचे उत्तर मागाहून आले!

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस कोणत्याही गटाराच्या आवाक्याबाहेरचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मिठीच्या काठी जे घडले त्याचा दोष केवळ आभाळाला देता येत नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन माहीमच्या खाडीकडे जाणारी ही नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाट काढते आणि मुखाशी पोहोचते तेव्हा तेथील खाजणावर वांद्रे-कुर्ला संकुल उभे असते. संकुलाचे नियोजन एका प्राधिकरणाकडे, धावपट्टी दुसऱ्याकडे आणि शहरातील नाले महापालिकेकडे. त्या प्रलयानंतर मिठीचे रुंदीकरण झाले, काठाला भिंती आल्या. भिंतीमुळे नदीचे पाणी वस्तीत शिरत नाही हे खरे. पण वस्तीतले पाणीही नदीत उतरू शकत नाही. ते बाहेर काढण्यासाठी पंप हवे आणि पंपांसाठी जागा हवी.

जागेचा हा प्रश्न किती कळीचा आहे, हे उदंचन केंद्रांच्या अनुभवावरून दिसते. शहरातील ४५ पातमुखे समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. भरतीच्या वेळी त्यांतून पाणी बाहेर जात नाही, उलट आत येऊ पाहते. म्हणून आठ उदंचन केंद्रे बांधण्याचे ठरले आणि केंद्र सरकारने २००७ मध्ये ब्रिमस्टोवॅडसाठी बाराशे कोटी रुपये मंजूर केले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा केंद्रे उभी राहिली. माहुल आणि मोगरा ही दोन वर्षानुवर्षे रखडली, ती पैशाअभावी नव्हे. माहुलला मिठागराच्या जमिनीची परवानगी आणि मोगऱ्याला मालकीचा वाद आडवा आला. बाग, शाळा, मंडई यांसाठी आरक्षणे टाकणाऱ्या शहराला आपले पाणी उपसण्यासाठी भूखंड राखून ठेवणे सुचले नव्हते.

उलट उदाहरणही याच शहरात आहे. हिंदमाताचा खोलगट परिसर गटारे रुंद करूनही बुडतच असे. अखेर दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली साठवण टाक्या बांधण्यात आल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी तेथे थांबवता येते. जोरदार पावसात हिंदमाता अजूनही तुंबतो; पण ही मैदाने पूर्वीच बांधकामाखाली गेली असती, तर टाक्यांचा विचारही करता आला नसता.

आता खरी कसोटी मिठागरांची आहे. धारावीच्या पुनर्विकासातील घरांसाठी मुलुंड, भांडुप आणि कांजूर येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. घरांची निकड खोटी नाही. या जमिनी पूर्व द्रुतगती महामार्गाच्या अलीकडे असल्याने तेथे भरतीचे पाणी येत नाही, असे समर्थन दिले जाते. ते अर्धेच उत्तर आहे. डोंगरउतारावरून पूर्वेकडे वाहणारे पावसाचे पाणीही सखल, बांधबंदिस्त जमिनीत काही काळ विसावते. त्या २५६ एकरांवर एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर केवळ तेवढ्या जागेतच पाच कोटी लिटरांहून अधिक पाणी होते. भराव टाकल्यावर हे पाणी कोठे जाणार? शेजारच्या बैठ्या वस्त्या नव्या भरावापेक्षा खाली राहतील.

असा हिशेब आधी मांडण्याची सक्ती करणे अशक्य नाही. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजणाऱ्या नेदरलँड्सने २००३ पासून जमीनवापराच्या आराखड्यांसाठी 'जलपरीक्षा' कायद्याने बंधनकारक केली. नियोजनकारांना आरंभीच जलव्यवस्थापन मंडळाशी सल्लामसलत करावी लागते आणि पाण्यावरील परिणाम लेखी नोंदवावे लागतात. मंडळाला नकाराधिकार नाही; तरीही ते मत डावलायचे, तर कारणे द्यावी लागतात.

मुंबईच्या सध्याच्या विकास आराखड्याची मुदत २०३४ मध्ये संपते. आधीचा मसुदा २०१५ मध्ये बाजूला ठेवावा लागून आराखड्याला मंजुरी मिळायला २०१८ उजाडले, हे पाहता पुढच्या आराखड्याची पाहणी फार उशिरा सुरू करून चालणार नाही. त्या पाहणीच्या पथकात पर्जन्य जलवाहिन्या विभागाचा अभियंता पहिल्या दिवसापासून असावा आणि आरक्षण बदलण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला त्याचा लेखी अभिप्राय जोडलेला असावा. यासाठी नवे प्राधिकरण नेमण्याची गरज नाही. दोन्ही खाती एकाच महापालिकेत आहेत.