शब्दांवांचून जपानी गाणें?

जपानी रॉक, पॉप आणि ‘इंडी’, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावांचून निघणारें संगीत, नवख्या माणसास ऐकवूं पाहणारी हौशी मंडळी हल्लीं पुष्कळ भेटतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे. मात्र त्यांची शिफारस करण्याची रीत मला मुळींच मान्य नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें मजसाठीं शंभर संग्रहांची यादी करून आणली आणि वर आश्वासन दिलें, “सर, शब्द कळले नाहींत तरी चालेल, संगीताला भाषा नसते.” त्यांतले दहाबारा संग्रह मीं निष्ठेनें ऐकले. यादीविषयीं माझी तक्रार थोडी आहे; त्या वाक्याविषयीं फार आहे.

कारण त्या वाक्याचा पूर्वेतिहास चांगला नाहीं. क्यू साकामोतो यानें १९६१ सालीं गायिलेलें ‘उए ओ मुइते आरुकोऽ’, म्हणजे ‘वर पाहत चालूं या’, हें गीत १९६३ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या बिलबोर्ड यादींत पहिल्या स्थानीं चढलें आणि तीन आठवडे तेथें टिकलें. रडूं आवरण्यासाठीं मान वर करून चालणाऱ्या एकट्या माणसाचें तें गाणें. परंतु परदेशांतील विक्रेत्यांनीं त्याला नांव काय दिलें? ‘सुकियाकी’! सुकियाकी म्हणजे मांसाचे पातळ काप व भाज्या एकत्र शिजवून केलेला पदार्थ. मूळ नांव जिभेला जड आणि हें ओळखीचें, एवढेंच निमित्त. उद्यां कोणी ज्ञानदेवांची विराणी विलायतेंत ‘पिठलें’ या नांवानें खपविली तर आपण काय म्हणूं? संगीताला भाषा नसते म्हणणारा रसिक त्या विक्रेत्याचाच वारस आहे. फक्त अधिक सभ्य.

खुद्द जपानी गायकांना हा प्रश्न कधींच क्षुल्लक वाटला नाहीं. १९७०-७१ च्या सुमारास तेथें कडाक्याचा वाद झाला : रॉक जपानींत गावें कीं इंग्रजींत? उचिदा यूया यांच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, जपानी शब्द त्या ठेक्यावर बसत नाहींत, आणि जगापुढें जावयाचें तर इंग्रजीच हवी. उलट बाजूस होसोनो, ओताकि, मात्सुमोतो व सुझुकि या चौघांचें मंडळ. त्याचें नांव ‘हॅपी एंड’, पण तें इंग्रजी नांवही हे लोक मुद्दाम जपानी लिपींत लिहीत. इंग्रजी शिकविण्यांत केस पिकलेल्या माझ्यासारख्यास हा वाद परका वाटला नाहीं. गंभीर विषय मराठींत मांडतां येत नाहींत, हें मीं विद्वानांच्या तोंडून जन्मभर ऐकलें आहे!

उचिदांची अडचण खोटी नव्हती. जपानी शब्द मात्रांनीं मोजला जातो. ‘तोऽक्योऽ’च्या चार मात्रा, ‘निप्पोन्’च्याही चारच, कारण त्यांतला अर्धा प् आणि शेवटचा न् आपापली मात्रा घेतात. मात्रावृत्तांत वाढलेल्या मराठी कानाला हें समजावून सांगावें लागत नाहीं, इंग्रजाला लागतें. एवढें ध्यानीं ठेवून ‘हॅपी एंड’चा १९७१ चा ‘काझेमाचि रोमान्’ ऐकावा. ठेका रेंगाळता, शब्द सुटे, प्रत्येक मात्रेला पुरती जागा. ‘काझेमाचि’ म्हणजे वाऱ्याचें गांव. १९६४ च्या ऑलिंपिकसाठीं पाडापाड होण्यापूर्वींचें जुनें तोक्यो मात्सुमोतोनें या कल्पित नांवानें पुन्हां वसविलें आहे. पुढें १९७८ सालीं ‘सदर्न ऑल स्टार्स’च्या कुवाता केइसुकेनें नेमकें उलट केलें : मात्रा एकींत एक कोंबल्या आणि जपानीला इंग्रजीचें वळण दिलें. शब्दांकडे पाठ फिरविणाऱ्यास या दोन गोड चाली तेवढ्या ऐकूं येतील. त्यांतलें भांडण ऐकूं येणार नाहीं.

“मग आधीं जपानी शिकूं काय?” असा प्रश्न येईलच. नको. मला तरी कोठें येते? एका गाण्याचें एक भाषांतर समोर घ्यावें आणि आठवडाभर तेंच ऐकावें, इतकेंच माझें मागणें आहे. ताकेउचि मारिया हिचें १९८४ चें ‘प्लास्टिक लव्ह’ आज जगभर लोक झगमगत्या रात्रीचें सुखद गाणें म्हणून चहाबरोबर ऐकतात. त्यांतली स्त्री प्रेमांत पोळलेली आहे आणि यापुढें प्रेम हा निव्वळ खेळ, असें बजावते आहे! पदें तिनें स्वतः लिहिलीं आहेत. तीं वाचल्यावर चहा तितका गोड लागत नाहीं.

एके ठिकाणीं माझा पक्ष लंगडा पडतो, हें कबूल करतों. ‘फिशमन्स’ या मंडळाचें १९९६ चें ‘लाँग सीझन’ हें सुमारें ३५ मिनिटांचें एकच गाणें. शब्द थोडे, तेच तेच फिरून येणारे. गायक सातो शिंजि १९९९ सालीं अवघ्या ३३ व्या वर्षीं वारला. मीं तें पहिल्यानें ऐकलें तेव्हां भाषांतर हाताशीं नव्हतें, आणि आठवणही झाली नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें आपल्या यादींत तें अगदीं तळाशीं टाकलें होतें.