तीन कॅसेटी आणि शेवटचे कडवे



या सदरात आपण नेहमी आपल्या घरातल्या गाण्यांविषयी बोलतो. गायन पार्ट्या, कव्वालीचे मुकाबले, जयंतीच्या मंडपातली रात्र हे आपले विषय. या वेळी थोडे दूरचे गाणे घेतले आहे. दूरचे म्हणजे दिल्लीचे. पण ते ऐकता ऐकता मी फिरून आपल्याच दारात येऊन उभा राहिलो, म्हणून लिहितो आहे.

झाले असे. पुण्याला शिकणारी माझी भाची सुट्टीत हिंगोलीला आली होती. रात्री जेवणे उरकल्यावर तिने मोबाईलवर गाणे लावले आणि आवाज मोठा यावा म्हणून मोबाईल रिकाम्या पातेल्यात ठेवला. गिटार वाजत होती, पण खाली ठेका आपल्या ओळखीचा. माझी माय अंथरुणावरूनच म्हणाली, "कोणत्या पार्टीचं हाय गं हे?"

"दिल्लीची पार्टी हाय, आजी. इंडियन ओशन नाव तिचं," भाची म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, यांच्या सुरुवातीच्या तीन कॅसेटी आहेत. आमच्या होस्टेलात पोरी भांडतात, कोणती चांगली म्हणून. तुम्ही ढोलकी वाजवायचे ना? मग तुम्हीच सांगा."

मी एस.टी.च्या आगारात उभा जन्म पाना फिरवलेला माणूस. इंग्रजी वळणाच्या गाण्यातले मला काय कळणार? पण ढोलकीचे नाव काढल्यावर माघार घेता येईना. आठ दिवस रोज रात्री पातेल्यात मोबाईल ठेवून तिन्ही ऐकल्या.

आधी पार्टीची ओळख करून देतो. १९९० साली दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी ही पार्टी उभी केली. सुस्मित गिटार वाजवणार, असीम तबला वाजवणार आणि गाणार. इंडियन ओशन म्हणजे हिंदी महासागर, हे नाव सुस्मितच्या वडिलांनी सुचवले. पुढे राहुल राम आला. तो मोठी, खर्जातली गिटार वाजवतो आणि गातो. त्यानंतर ड्रमवर अमित किलम आला. तबला आणि ड्रम एकाच गाण्यात शेजारी शेजारी बसवायचे, हे या पार्टीचे वैशिष्ट्य. आपल्याकडे ढोलकी आणि ढोलक जोडीने वाजले की कुणी कुठे थांबायचे हे ज्याला कळते तोच वाजवणारा. इथेही तेच आहे.

पहिली कॅसेट १९९३ साली एच.एम.व्ही.ने काढली. तिचे नाव पार्टीचेच, इंडियन ओशन. हिच्यात शब्द फार थोडे आहेत. बहुतेक वाजवणेच. गळा आला तरी तो आलापासारखा, वाद्यात वाद्य मिसळावे तसा येतो. वाजवणारे तयारीचे आहेत यात शंका नाही. पण मला ती मुकाबल्याच्या आधीच्या तालमीसारखी वाटली. जो तो आपला हात दाखवतो आहे. ऐकून मन प्रसन्न होते, पण दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ओठावर काही येत नाही. भाचीच्या ज्या मैत्रिणी हिला सगळ्यात चांगली म्हणतात, त्यांना गिटार आवडत असणार. त्यांचेही खरे आहे.

दुसरी कॅसेट डेझर्ट रेन, म्हणजे वाळवंटातला पाऊस. ही मात्र निराळी. ही बंद खोलीत झालेली नाही. १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत सहमत या संस्थेच्या कार्यक्रमात पार्टीने जे वाजवले, तेच ध्वनिमुद्रित करून कॅसेट काढली, आणि ती कोणा मोठ्या कंपनीची वाट न पाहता स्वतःच काढली. १ जानेवारी हा दिवस का, तेही सांगितले पाहिजे. सफदर हाश्मी हे पथनाट्य करणारे कलावंत. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळच्या साहिबाबादच्या कामगार वस्तीत नाटक चालू असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेला कलावंत एकत्र येऊन आपली कला सादर करतात. ज्याने रस्त्यावर कला केली त्याच्या आठवणीत ही कॅसेट जन्मली.

हिच्यातल्या एका गाण्याचे नाव गोइंग टू आयटीओ. आयटीओ हा दिल्लीतला रहदारीचा चौक. म्हणजे आपल्याकडे कुणी "चाललो अकोला नाक्याला" असे गाण्याचे नाव ठेवावे तसे! दुसऱ्या एकाचे नाव बोल वीव्हिल. हा अमेरिकेतला कापसाच्या बोंडावर पडणारा भुंगेरा. त्या किडीवर तिकडच्या कृष्णवर्णीय शेतमजुरांनी पूर्वी गाणी रचली होती. बोंडअळीने कापूस गेलेल्या आपल्या जिल्ह्यात त्या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

उघड्या मंडपातल्या कॅसेटीत एक गोष्ट असते. चुकले तर पुसता येत नाही. कुठे ठेका किंचित पुढे पळतो, कुठे गळा सैल सुटतो, आणि तरीही चौघे एकमेकांना सांभाळून घेतात. समोर माणसे बसलेली आहेत हे वाजवणाऱ्याच्या हातातून कळते. ज्याने रात्री दोन वाजता पेंगुळलेल्या मंडपाला ढोलकीच्या एका तुकड्यावर जागे केले आहे, त्याला मी काय म्हणतो ते समजेल.

तिसरी कॅसेट कंदीसा. ही मार्च २००० मध्ये टाइम्स म्युझिकने काढली. आता पार्टी पुन्हा बंद खोलीत गेली, पण पहिल्या वेळेसारखी नव्हे. या वेळी तिने सोबत शब्द नेले, आणि तेही दुसऱ्यांचे, लोकांचे शब्द. कंदीसा हे शीर्षकगीत केरळमधल्या सिरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवरून घेतले आहे. ती भाषा आपल्याला एक अक्षर कळत नाही. तरी माझी माय ते ऐकताना गप्प झाली. पदर सावरून बसली.

मा रेवा हे नर्मदाकाठचे लोकगीत. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आला आणि काही काळ नर्मदा बचाव आंदोलनात राहिला, तिथे त्याला हे गाणे मिळाले. ही नदी आपल्या महाराष्ट्रालाही लागून वाहते. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात आली. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर ही धरणे आपल्या उशाला आहेत. गाव पाण्याखाली जाणे म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. म्हणून नदीला आई म्हणणारे हे गाणे मला नुसते भक्तीचे वाटले नाही.

आणि हिल्ले ले. हे गाणे गोरख पांडे यांचे. पांडे हे उत्तर प्रदेशातले कवी, हिंदीत आणि भोजपुरीत लिहीत. १९८९ साली त्यांनी दिल्लीत आपले जीवन संपवले. कवी गेल्यावर अकरा वर्षांनी त्याचे गाणे गिटारीवर चढून देशभर गेले, आणि ते गोरख पांडे यांचे आहे हे आजही सांगितले जाते. ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. ती का, ते पुढे सांगतो.

आता भाचीला दिलेला निकाल. मी म्हटले, "आधी दुसरी ऐक, मग तिसरी, आणि शेवटी पहिली. दुसरीत पार्टी एकमेकांना सांभाळून वाजवायला शिकली. तिसरीत ती लोकांचे गाणे गायला शिकली. या दोन्ही ऐकल्यावर पहिली ऐकलीस, तर कळेल की बी कुठे पेरले होते." तिसरी सगळ्यात मोठी, हे मला मान्य आहे. पण दुसरी नसती तर तिसरी झाली नसती. असीम चक्रवर्ती २००९ साली गेले. त्यानंतर २०१० मध्ये या पार्टीने आपली नवी गाणी दर महिन्याला एक अशी लोकांना फुकट दिली. आपल्या हिमतीवर गाणे काढण्याची सवय तिला १९९७ पासूनच होती.

असो. आता आपल्या दाराशी येतो.

डेझर्ट रेन ऐकताना मला घरातल्या पत्र्याच्या पेटीतली एक कॅसेट आठवली. १९८६ च्या १४ एप्रिलच्या रात्री आमच्या गावच्या मंडपात शेजारच्या गुरुजींनी टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. ढोलकीवर मी. गाणारे आमच्या गावचे शाहीर, दिवसा दुसऱ्याच्या रानात सालगडी. गाणे त्यांनीच रचलेले. पाच-सहा वर्षांनी एका जत्रेत तेच गाणे कर्ण्यावर ऐकू आले. एका कॅसेट कंपनीने दुसऱ्याच गायकाकडून गाऊन घेतले होते. शेवटचे कडवे कापलेले, आणि कव्हरवर छापले होते, पारंपरिक.

वाचकहो, शेवटचे कडवे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आपले कवी आपले नाव तिथे गुंफतात. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी वामन येतो आणि गाणे कोणाचे हा वाद मिटतो. छापील पुस्तक नसले, कव्हर फाटले, तरी नाव गाण्याच्या पोटात शाबूत राहते. ते कडवे कापले की कवीच कापला.

मा रेवावर पारंपरिक असे लिहिले तर ते खरे आहे. ते पहिल्यांदा कोणी म्हटले ते नदीलाही ठाऊक नसेल. पण ज्याचा रचणारा त्याच जत्रेत भुईमुगाच्या शेंगा विकत उभा आहे, त्याचे गाणे पारंपरिक कसे? शाहीर त्या दिवशी एवढेच म्हणाले, "गाणं तर पोचलं ना लोकायपर्यंत." पण नंतर त्यांनी नवे गाणे रचले नाही. पुढे काही वर्षांनी ते वारले.

मी पेटीतली कॅसेट काढली. भाचीने ती मोबाईलमध्ये उतरवून घ्यायचे ठरवले. टेप सापडला एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात. आवाज खरखरीत, पण आला. माझी ढोलकी एका जागी चुकलेली, तीही आली. मंडपातल्या बायांचे हसणे आले. आणि शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी खट्ट करून कॅसेट संपली. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटे. गुरुजी उलटवायला विसरले असणार. म्हणजे कंपनीने जे कापले तेच आमच्याकडूनही राहून गेले होते.

मी डोक्याला हात लावून बसलो. तेवढ्यात कोपऱ्यातून मायचा आवाज आला. ऐंशी उलटलेली माझी माय ते कडवे म्हणत होती. एक शब्द अडला नाही. शेवटी शाहिरांचे नाव आले आणि ती थांबली. भाचीने मोबाईल तिच्यापुढे धरून पुन्हा म्हणायला लावले आणि ते भरून घेतले. "एवढं काय त्यात," माय म्हणाली, "मी तं रोजच म्हणते दळण निवडताना."

शाहिरांचे नाव मी इथे देत नाही. त्यांचा मुलगा कामासाठी बाहेरगावी असतो. त्याला विचारल्याशिवाय छापणे बरे नाही. विचारले नाही म्हणूनच तर हा सगळा प्रकार घडला होता.

तुमच्याही घरी अशी कॅसेट असेल. ती उभी ठेवा, उन्हापासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर. वरच्या कडेच्या दोन बारीक खिट्ट्या तोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या. फीत बाहेर आली तर पेन्सिलीने हळू गुंडाळा. आणि मोबाईलमध्ये उतरवून घेताना आधी तोंडाने बोला: कवी कोण, गायक कोण, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, गाव कोणते, साल कोणते. गाणे अर्धे असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. उद्यावर टाकू नका.

भाची पुण्याला परत गेली. परवा तिचा फोन आला. होस्टेलात तीन दिल्लीच्या कॅसेटींसोबत आता चौथी लागते, म्हणाली. पोरी तिच्यातल्या ढोलकीवर हसतात, पण शेवटचे कडवे आले की गप्प बसतात.